उष्टा प्याला

अंबरनाथच्या नीलिमा अमोलिकला किळस फार. तिला ओळखणारे सगळे तिची ओळख याच वाक्याने करून देतात, म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू. लग्नाच्या पंगतीत ती स्वतःची पाण्याची बाटली घेऊन बसायची. कुणी लाडाने तिच्या ताटातले एक भजे उचलले, की उरलेल्या भज्यांवर तिने पाणी सोडले म्हणून समजावे. शेजारणीने हाताने भरवलेला पेढा गालात धरून ती हसतहसत घरी यायची, मोरीत थुंकायची, चूळ भरायची, आणि मग आरशात बघून स्वतःवरच चिडायची. ही किळस तिला कुणी शिकवली नव्हती. कुणाच्या गळ्यात जन्मतः सूर असतो, तशी तिच्या नाकात, जिभेत, बोटांच्या टोकांत ती जन्मतःच होती.

या स्वभावावरच तिची नोकरी चाले. उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी बाईंचा पापडांचा कारखाना आहे, तिथे नीलिमा पापड तपासायला बसते. केस, कचरा, जळका ठिपका, ओलसर वास, तिच्या हातून काही सुटत नाही. “नीलिमा, तेरी नाक है या मशीन?” असे मालकीणबाई अधूनमधून विचारतात. “मशीन होती तो अच्छा होता मॅडम, बंद तो कर सकते,” असे नीलिमा उत्तर देते.

अशा बाईने प्रमोदशी संसार केला, याचे सगळ्या मंडळीला नवल होते. प्रमोद आनंदनगरच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात कामाला. नखांच्या कडा कधी निळ्या, कधी जांभळ्या. चांगली घासूनपुसून आंघोळ केली तरी पाठीवरून उतरणारा घाम रंगीत. उशीच्या अभ्र्यावर सकाळी त्याच्या कानाचा ठसा उमटलेला असे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याने भीतभीत विचारले होते, “तुला माझी किळस नाही येत?”

“येते की,” ती म्हणाली होती.

“मग?”

“मग काय? धुते.”

तिने धुतले. वर्षानुवर्षे धुतले. मूलबाळ झाले नाही, तेही दुःख तिने त्या अभ्र्यांसारखेच धुऊन वाळत घातले. आणि या धुण्यात, या कुरकुरीत, या रंगीत घामात, त्या दोघांचे एक गोड घर उभे राहिले.

त्यांच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या स्मरणविधीला, एकच प्याला असतो. काळ्या मनुका उकळून, त्यांचे पाणी गाळून त्यात भरतात. माणसे वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी ओळीने गुडघे टेकतात. पाळकसाहेब एकाच्या ओठांशी प्याला लावतात, पांढऱ्या रुमालाने कड पुसतात, प्याला थोडा फिरवतात आणि पुढच्याकडे सरकतात. साहेब तिथेच पितो, सफाईवाला तिथेच पितो. सासू तिथेच, सून तिथेच. काल नळावर भांडलेल्या दोघी आज तिथेच. जगात कुठे नाही अशी ती पंगत. आणि नीलिमाला त्या पंगतीचा धसका.

एकदा तर वार्षिक सभेत उभी राहून तिने प्रत्येकाला वेगवेगळे छोटे पेले आणावेत, अशी सूचना मांडली होती. एक वयस्कर पंच गंभीरपणे म्हणाले, “बाई, प्रभूने एकच प्याला फिरवला होता.”

“प्रभूच्या शिष्यांत तंबाखू खाणारे किती होते, ते आधी सांगा,” नीलिमा म्हणाली. सभा हसली. सूचना बारगळली.

त्यावर उपाय प्रमोदने काढला. कठड्याशी जाताना तो नेहमी तिच्या डाव्या हाताला गुडघे टेके, कारण प्याला डावीकडून येई. म्हणजे आधी तो पिणार, मग ती. साऱ्या जगात त्या एकाच माणसाचे उष्टे तिला चालत असे. त्याचा ओठ लागला, की त्याआधीचे सगळे ओठ जणू पुसले जात. ती डोळे मिटून प्यायची. देवाचे प्रेम तिला त्या माणसाच्या पाठोपाठच कळले होते, दुसऱ्या कुठल्या वाटेने नाही.

मग प्रमोदच्या अन्ननलिकेत गाठ निघाली.

त्या आजारात काय काय करावे लागते, ते ज्यांनी केले त्यांना माहीत आहे. गिळलेला घास परत येई. तो नीलिमाने ओंजळीत झेलला. चादरी, भांडी, नळी, तोंडाचा वास, सगळे तिने निस्तरले; आणि तिला एकदाही शिसारी आली नाही. ती स्वतःच चकित झाली. तिला वाटले, गेली बाई किळस, देवाने काढून घेतली. प्रमोद गेला त्या दुपारी तिने त्याला शेवटचे न्हाऊ घातले, नखांच्या कडा ब्रशने घासल्या, आणि त्या पहिल्यांदा स्वच्छ निघाल्या. त्या स्वच्छ नखांकडे बघून ती ओरडून रडली.

आणि प्रमोदला मातीत ठेवून ती घरी परतली, तेव्हा किळस उंबऱ्यातच बसलेली होती. पण आता ती उष्ट्याची नव्हती. माणसांची होती.

प्रमोदचा धाकटा भाऊ कमलेश हा बदलापूरला सोनिवलीच्या नव्या इमारतीत राहतो. तिथे एक हॉल घेऊन तो चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या, सभा भरवतो. लोक त्याला ब्रदर कमलेश म्हणतात. प्रमोदच्या कपाळाला त्याने बाटलीतले सुगंधी तेल चोळले होते, त्याच्या उशाशी आरोळ्या मारल्या होत्या. शवपेटी अजून उघडी असताना तो नीलिमाच्या कानाशी आला, आणि त्याच सुगंधी वासाचे बोट तिच्या खांद्यावर ठेवून म्हणाला, “वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. मी तर प्रार्थना करत होतो, पण घरातून विश्वास कमी पडला.”

घरातून! ज्या घराने रात्रंदिवस ओंजळी पुढे केल्या, त्या घरातून!

पुढच्या रविवारी नाक्यावर फ्लेक्स लागला. एका कोपऱ्यात प्रमोदचा फोटो, लग्नातला, कापून घेतलेला. नीलिमाचा खांदा त्यात अर्धवट आलेला. आणि मधोमध हात उंचावलेला कमलेश, भावाच्या चौपट मोठा. खाली सभेची वेळ आणि मोबाइल नंबर. वर शोकाचे शब्द, खाली गिऱ्हाइकीचे. नीलिमा रिक्षातून उतरली, तो फ्लेक्स तिने वाचला, आणि तिथेच गटाराच्या कडेला तिला ओकारी झाली.

समाचाराला येणाऱ्या बायका आणखी वेगळ्या. एकीने “देवाला चांगली फुलं लवकर हवी असतात” म्हणत पडद्याचे कापड चिमटीत धरून पाहिले. दुसरीने प्रार्थनेला डोळे मिटले आणि आमेन म्हणताच विचारले, “कंपनीकडनं काही मिळालं का गं?” स्मरणाच्या जेवणात बिर्याणीला मीठ कमी पडल्याची चर्चा प्रमोदच्या फोटोखाली रंगली. बोटे चाटली गेली, ढेकर दिले गेले, आणि जाताना सगळ्यांनी हात हातात घेऊन म्हटले, “प्रभूची इच्छा.” तेलकट हात. ओले हात. नीलिमाने ते सगळे हात धरले आणि नंतर राखेने हात घासले.

हळूहळू ती शिसारी देवळात शिरली. गीतांच्या ओळी तिला चघळून चोथा झालेल्या वाटू लागल्या. देवळात ती जायची, पण प्रभुभोजनाची वेळ झाली की मान खाली घालून बाकावरच बसून राहायची. डावीकडे कोण गुडघे टेकणार होते आता? कुणाच्या ओठांमागून ओठ लावायचे? आधी एक महिना गेला, मग सण गेला, मग नाताळ गेला. कठड्यापाशी जायचे तिने सोडले ते सोडलेच.

पाळकसाहेब घरी आले. हा मनुष्य बोलण्यात सावकाश आणि थोडा बोजड. उपदेशात कधी कुणाला रडवले नाही, हसवले नाही.

“नीलिमाबाई, भोजनाला येत नाही तुम्ही.”

“किळस येते.”

“प्याल्याची?”

“सगळ्यांची. तुमच्या मंडळीची, गाण्यांची, फुलांची.” मग मनातले घाण पाणी एकदाच ओतून टाकावे तशी ती म्हणाली, “देवाचीसुद्धा येते.”

पाळकसाहेब तिला रागे भरले नाहीत. चहाच्या कपाकडे बघत ते म्हणाले, “क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रार्थना करताना प्रभूलाही त्याचा मरणाचा प्याला नकोसा झाला होता. घाम फुटला, तोंड फिरवलं, हा बाजूला कर म्हणाला. मी ते वाचतो तेव्हा मला वाटतं, किळस म्हणजे पाप नसावं. घाई नाही, बाई.” आणि चहा संपवून ते गेले.

घाई नव्हती. पण घरात एक माणूस होते, त्याला घाई होती.

बनूबाई, प्रमोदची आई. मूळची नगरकडच्या खेड्यातली. देशावरच्या रीतीप्रमाणे नीलिमा तिला आत्या म्हणते. अर्धांगाने तिचा उजवा भाग गेलेला; तोंड वाकडे, हिरड्या मिश्रीने काळ्या, ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची तार सतत लोंबलेली. कमलेशला विचारले तर म्हणे, “आमच्याकडे लिफ्ट आहे वहिनी, पण आईला मोकळी हवा लागते.” तेव्हा मोकळ्या हवेसाठी बनूबाई वालधुनीच्या नाल्याकाठच्या चाळीत, सुनेपाशी राहिली. नीलिमा तिला भरवायची, पुसायची, ओल्या फडक्यात बोट गुंडाळून तिचे तोंड साफ करायची, आणि प्रत्येक वेळी पोटातून उठणारी उबळ दाबायची. प्रेमाने करत नव्हती. प्रमोदची आई म्हणून करत होती, दात आवळून.

प्रमोदच्या वर्षस्मरणाचा रविवार जवळ आला तशी म्हातारीने धरणे धरले.

“मला प्याला पायजे.”

“पाळकसाहेब घरी घेऊन येतील, आत्या. सांगते त्यांना.”

“घरी नको. तितं पायजे. कठड्यापाशी. माजं पोर जितं गुडघं टेकायचं तितं.”

“तुम्हाला गिळता येतं का नीट? पाणी दिलं तर निम्मं परत वाटीत येतं.”

“मग निम्मं तर जातं का न्हाई?”

“आणि प्याल्यात परत आलेलं? तुमच्या मागच्यांनी काय करायचं?”

म्हातारीने वाकड्या तोंडाने हसायचा प्रयत्न केला. “त्येंनी डोळं मिटावं. तू मिटायचीस तसं. मला काय दिसत न्हवतं व्हय?”

बनूबाई मग हलक्या आवाजात म्हणाली, “पोरी, मी त्याच्या आदी जायला पायजे हुते. उलटं झालं. देवाच्या तोंडासमोर जाऊन इचारायचंय मला. घरात बसून न्हाई इचारता येत.”

हे मात्र नीलिमाला समजले. स्वतःला जे विचारायचे होते, ते तीही घरात बसून गिळत होती.

रविवारी रिक्षातून, मग दोघांच्या आधाराने, बनूबाई देवळात आली. कमलेशही आला होता. पांढरा शर्ट, तोच सुगंधी वास. भावाचे वर्षस्मरण, तेव्हा पहिल्या बाकावर. पंचांनी कुजबुजत व्यवस्था लावली: म्हातारीला शेवटी न्यावे, खुर्चीवर बसवावे, उजवीकडे मुलगा राहील, सून मागे उभी राहून डोके धरील. म्हणजे तिच्यानंतर घरचाच माणूस; बाकीच्यांची अडचण नको. मंडळीतल्या पुष्कळांनी त्या दिवशी लगबगीने आधीच जाऊन प्याला घेतला. नीलिमाने ते पाहिले. भक्तिभावाने पुढे पळणारी ती माणसे! तिला त्यांचा वीट आला, आणि त्याच क्षणी हेही कळले, की ती त्यांच्या जागी असती तर सर्वांत पुढे असती.

तिचा स्वतःचा विचार पक्का होता. सासूचे डोके धरायचे, लाळ पुसायची, बाकावर परत येऊन बसायचे. तिला प्याला घ्यायचा नव्हता.

पाळकसाहेब डावीकडून आले. बनूबाईच्या ओठांशी त्यांनी प्याला लावला. म्हातारीने तहानलेल्या गुरासारखे तोंड पुढे केले, घोट घेतला, आणि निम्मा घोट खरोखरच परत आला. आधी मिळालेल्या भाकरीचा भिजका तुकडा तिच्या हिरडीला चिकटून होता, तोही आला. लाळेची तार कडेवरून आत उतरली. नीलिमाला वरून सगळे दिसत होते. तांबड्या पाण्यावर पांढरट काहीतरी तरंगत होते.

पाळकसाहेबांनी कड पुसली, प्याला फिरवला, आणि ते कमलेशपुढे झाले.

कमलेशने प्याल्यात पाहिले. मग मोठ्या भक्तीने त्याने दोन्ही हात जोडले, कपाळ कठड्याला टेकवले आणि तसाच राहिला. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, भावाच्या आठवणीने भारावला. पाळकसाहेब थांबले. कपाळ वर झाले नाही. प्याला पुढे सरकला.

आईचा प्याला! हजारो लोकांवर तेलाची बोटे उठवणारा, रोग्यांना विश्वासाची मापे लावणारा, तो आईच्या ओठामागून ओठ लावू शकला नाही. नीलिमाच्या मनात तिरस्काराचा लोट उठला. ढोंगी, ती मनात म्हणाली. कपाळ टेकून बसला आहे ढोंगी. आणि ते शब्द मनात उमटतात न उमटतात तोच तिला बाकावरची स्वतःची खाली घातलेली मान दिसली. महिन्यामागून महिना. त्याच्या कपाळात आणि तिच्या मानेत काय फरक होता? त्यानेही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून प्याला टाळला, तिनेही.

मग तिने सासूच्या तोंडाकडे पाहिले. हेच काळे, वाकडे, गळके तोंड, याने प्रमोदला पहिला घास चावून भरवला असेल. याच ओठांनी त्याचे नाव पहिल्यांदा घेतले. आणि ज्याने हा प्याला पहिल्यांदा फिरवला त्याने काय केले? घाम फुटला, तोंड फिरवले, बाजूला कर म्हणाला. आणि तरी शेवटी तो प्यालाच. माणसांची सगळी थुंकी, सगळी ढोंगे, सगळ्या आरोळ्या, प्रमोदच्या घशातली ती गाठसुद्धा, सगळे त्या प्याल्यात होते आणि त्याने तळ दिसेपर्यंत प्याला. त्याने स्वच्छ माणसे निवडली नाहीत. निवडली असती, तर अंबरनाथच्या चाळीपर्यंत तो कशाला आला असता? आणि मरण पिऊन तो मरणात राहिला नाही. त्याच्यामागून जो प्याला, तो तरी तिथे कसा राहील?

“पाळकसाहेब,” नीलिमा म्हणाली. “मला.”

पाळकसाहेब वळले. प्याल्यात त्यांनीही पाहिले, मग तिच्याकडे. “बाई, थांबा, मी दुसरं...”

“नको. हाच.”

एका हाताने सासूचे डोके छातीशी धरून, कठड्यावर वाकून, ती प्याली. डोळे उघडे ठेवून प्याली. घोटाबरोबर तो भिजका तुकडा जिभेला लागला, तिने श्वास रोखला आणि गिळले. गोड काही वाटले नाही. अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आले. पण गिळले, आणि ते आत राहिले.

कुठलाही प्रकाश पडला नाही. देवळातला पंखा तसाच करकरत होता, कमलेश तसाच वाकलेला होता, मागे कुणीतरी शहारून “अगंबाई” म्हटलेले तिला स्पष्ट ऐकू आले. फक्त एक झाले. वर्षभर तिच्या मनात प्रमोद ‘होता’. मातीत ठेवला तिथे, त्या दुपारी, संपलेला. कठड्याशी वाकलेली असताना तिला तो प्रथमच ‘आहे’ असे वाटले. पुढे गेलेला, वाट पाहणारा, तिच्याआधी पिऊन मोकळा झालेला. हे वाटणे तिने पापडासारखे उजेडात धरून तपासले. खोट निघाली नाही.

उपासनेनंतर बाहेर, हात मिळवून शांतीचा सलाम करायला, कमलेश पुढे आला. “वहिनी, आज फारच आशीर्वादित...”

“कमलेशभावजी,” नीलिमा म्हणाली, “नाक्यावर त्यांचा फोटो अजून आहे. आज संध्याकाळी काढून आणा. माझा अर्धा खांदा आहे त्याच्यात. आणि पुढच्या महिन्यात आत्याच्या डाव्या हाताला तुम्ही गुडघे टेका. तिच्या आधी प्यायला तरी जमेल ना?”

तिला त्याची किळस तेव्हाही आली, पुढेही येईल. पण सलामासाठी पुढे केलेला त्याचा हात तिने धरला.

परतीच्या रिक्षात बनूबाई खूश होती. नाल्याचा भपकारा आला तशी तिने नाक मुरडले, आणि सुनेच्या मांडीवर चापट मारून म्हणाली, “प्रमोदला भेटले की सांगनार हाय. तुजी बायकू माजं उष्टं प्याली म्हनून. पडंलच उडून.”

“तुम्ही नका सांगू, तुमचं बोलणं त्यांना कळायचं नाही. मीच सांगेन.”

“आदी कोन पोचतं ते बगू की.”

“बघू,” नीलिमा म्हणाली, आणि पदराच्या टोकाने तिने म्हातारीचे तोंड पुसले.